मनातल्या मनात नको, तोंडाने बोल

हे बघ, प्रार्थनेला बसलास की लगेच मागण्यांची यादी काढू नकोस, आधी थोडा वेळ फक्त देवाची स्तुती कर आणि ती आवाज काढून. मनात केलेली पण देव ऐकतोच रे, पण मन भटकतं, स्वतःचा आवाज कानावर पडला की जागेवर येतं. शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र १०३ उघड आणि मोठ्याने वाच, तिथे दावीद राजा स्वतःच्याच जिवाला सांगतोय की परमेश्वराचा धन्यवाद कर, म्हणजे मूड नसताना पण स्तुती करता येते! बायबलमधले येशूचा प्रचार करणारे पौल आणि सीला तर तुरुंगात, पाय खोड्यात अडकलेले, तरी मध्यरात्री देवाची गाणी गात होते. जॉब मिळाला की थँक्यू म्हणतोसच, पण तो दयाळू आहे, विश्वासू आहे हे पण बोल, काही मिळालं नसेल तेव्हा सुद्धा.

आणि मराठीत बोलायला लाजायचं कशाला, आपल्या गोव्यात फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची गोष्ट सांगणारं मराठी काव्य, १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, त्याची सुरुवातच देवाला नमन करणाऱ्या ओव्यांनी होते. शेजारी ऐकतील वाटत असेल तर हळू बोल, पण ओठ हलू देत. चर्चमध्ये इतरांसारखं जोरात हालेलुया म्हणता आलं नाही तर टेन्शन घेऊ नकोस.