आधी ड्राय रन, मग रन: पायथन शिकवणाऱ्यांचे प्रश्न

सत्र सुरू झालं की या सदराकडे पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचे प्रश्न यायला लागतात. या वेळी विचारणारे विद्यार्थी कमी आणि शिकवणारेच जास्त आहेत, म्हणून हा अंक जवळजवळ त्यांच्यासाठीच ठेवलाय. एका विद्यार्थ्याचं पत्र शेवटी घेतलंय, ते शिक्षकांनीही वाचावं असं वाटतं.

प्रश्न: मी बीएस्सीला फिजिक्स शिकवते. यंदा एफवायचा पायथनचा कोर्स माझ्याकडे दिलाय. मी स्वतः एमएस्सीला फोरट्रान ही जुनी भाषा केली होती, पायथन आत्ताच शिकले. सिलॅबसचं पहिलं युनिट पायथनचा इतिहास, फीचर्स, अॅप्लिकेशन्स असं आहे. पहिल्या आठवड्यात नेमकं काय घेऊ? (प्राध्यापिका, सांगली)

मॅडम, इतिहास पाच मिनिटांत उरका. गिडो व्हान रॉसम यांनी 1989 च्या डिसेंबरात अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत असताना काम सुरू केलं, 1991 मध्ये पहिलं व्हर्जन बाहेर आलं, पायथन 3 आलं 2008 मध्ये आणि पायथन 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला बंद झाला, एवढं पहिल्या दिवशी पुष्कळ झालं. फीचर्सची यादी सत्राच्या शेवटी घ्या. एकही प्रोग्राम न चालवलेल्या मुलाला 'डायनॅमिकली टाइप्ड' म्हणजे काय हे कितीही समजावलं तरी तो ते फक्त पाठ करणार.

पहिल्या तासाला फळ्यावर तीनच ओळी लिहा. एक्स = 5, खाली वाय = एक्स, त्याखाली एक्स = 7. आता वाय किती, हे प्रत्येकाने वहीत लिहायचं, शेजाऱ्याला विचारायचं नाही, आणि सगळ्यांचं लिहून झाल्याशिवाय तुम्ही कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. बरीच मुलं 7 लिहितील, आणि त्यांचं चूक आहे असं म्हणायच्या आधी ती 7 का म्हणतायत ते बघा, कारण बारावीपर्यंत गणितात त्यांनी बरोबरचं चिन्ह म्हणजे कायमचं नातं असंच शिकलंय, वाय बरोबर एक्स म्हणजे एक्स बदलला की वाय बदलणारच. इथे तसं नसतं, वाय 5 च राहतो, हे कुणीतरी त्यांना स्पष्ट सांगायला हवं आणि ते बहुतेक ठिकाणी कुणी सांगतच नाही. म्हणून पहिले काही आठवडे ती ओळ मोठ्याने वाचताना 'वाय बरोबर एक्स' वाचूच नका, 'एक्समध्ये आत्ता जे आहे ते वायमध्ये ठेव' असं वाचा. मग एक्स = एक्स + 1 ही गणितात अशक्य वाटणारी ओळसुद्धा त्यांना सहज पचते.

तुमचं फोरट्रान इथे फार कामाला येईल. फोरट्रानमध्ये 1/2 लिहिलं की 0 यायचं आणि गतीच्या सूत्रातलं अर्धं जीटी वर्ग शून्य होऊन बसायचं, ते तुम्हाला आठवत असेलच. पायथन 2 मध्येही तसंच होतं, पायथन 3 मध्ये 0.5 येतं. मुलांना पडणाऱ्या वस्तूचं वेळ आणि अंतराचं टेबल लूप लावून, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवून, काढायला द्या, उत्तर काय यायला हवं हे त्यांना आधीच माहीत असतं त्यामुळे प्रोग्राम चुकला तर त्यांचं त्यांना कळतं. मग एक दिवस 0.1 + 0.2 चालवून दाखवा. उत्तर येतं 0.30000000000000004, कारण 0.1 बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या 0 आणि 1 च्या आकड्यांत, नेमका बसत नाही. मोजमापातली एरर शिकणाऱ्या मुलांना याच्यात खरोखर रस वाटतो.

प्रश्न: फर्स्ट इयर इंजिनिअरिंगला पायथन शिकवतो. जर्नल सगळ्यांची पूर्ण, सह्या झालेल्या. प्रॅक्टिकलला यादीतला प्रोग्राम आला तर पोरं धडाधड टाइप करतात. पण फॅक्टोरियलऐवजी (म्हणजे 1 ते एन सगळ्या संख्यांच्या गुणाकाराऐवजी) 1 ते एनमधल्या फक्त सम संख्यांचा गुणाकार विचारला की वर्ग गप्प. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात या मुलांना लॉजिकच नाही. वर 60 मुलं आणि चालू मशीन 20. काय करावं? (सहायक प्राध्यापक, नाशिक)

सर, 'लॉजिकच नाही' हे मला अजिबात पटत नाही आणि ते वाक्य स्टाफरूममधून जितकं लवकर जाईल तितकं बरं. हे आपल्याकडेच होतं असंही नाही. 2001 मध्ये अमेरिकेतले मायकेल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या चार विद्यापीठांत, पहिले प्रोग्रामिंग कोर्स केलेल्या मुलांना कॅल्क्युलेटरसारखा प्रोग्राम लिहायला दिला होता, 110 पैकी सरासरी मार्क पडले 23 च्याही आत. तेव्हाही लोक म्हणाले की मुलांना प्रॉब्लेम सॉल्व्हिंग येत नाही. मग 2004 मध्ये ऑस्ट्रेलियाचे रेमंड लिस्टर आणि इतर देशांतले शिक्षक एकत्र आले, त्यांनी मुलांना लिहायला काहीच दिलं नाही, फक्त छोटा कोड दिला आणि हा चालवल्यावर शेवटी काय उरेल ते सांगा किंवा गाळलेला भाग पर्यायांतून निवडा म्हटलं, तर खूप मुलांचं तिथेच अडलं. म्हणजे घोडं पेंड खातं ते त्याच्याही आधी, वाचण्यात. ज्याला लिहिलेला कोड ओळीओळीने वाचता येत नाही त्याला आपण पहिल्या आठवड्यापासून नवा लिहायला लावतो, आणि मग तो बिचारा पाठ करतो, दुसरं करणार तरी काय.

तेव्हा जुना ड्राय रन परत आणा, म्हणजे कोड मशीनवर न चालवता हातानेच ओळीओळीने चालवून बघणं. सी आणि पास्कलच्या काळात लॅबमध्ये मशीन कमी म्हणून कागदावर करायचे तोच. प्रत्येक व्हेरिएबलला (किंमत ठेवायच्या नावाला, एक्स किंवा वायसारख्या) एक कॉलम, प्रत्येक पायरीला एक रो. तुमचाच फॅक्टोरियल घ्या. एफ = 1, मग लूपमध्ये आय ला रेंज(1, एन) मधून फिरवायचं (रेंज ओळीने आकडे देते), आत एफ = एफ * आय. एन 5 धरून टेबल भरायला सांगा. ज्यांनी पाठ केलंय ते थेट 120 लिहितील. टेबल भरलं तर येतं 24, कारण रेंज शेवटचा आकडा घेत नाही, आय 4 वरच थांबतो. जर्नलमध्ये रेंजच्या दुसऱ्या जागी एन + 1 लिहिलेलं असतं, सगळ्यांनी ते मन लावून कॉपी केलेलं असतं आणि ते अधिक 1 तिथे कशाला आलंय हे वर्गात जेमतेम दोघाचौघांना माहीत असतं. एकदा हे टेबलात स्वतःच्या हाताने दिसलं की तुमचा सम संख्यांचा प्रश्न अवघड राहतच नाही, रेंज 2 पासून सुरू करून 2 ची उडी मारायची, एन 6 ला उत्तर 48, हे मुलं आपणहून सांगतात.

इफ-एल्सचंही तसंच. गुण 40 किंवा जास्त असतील तर 'पास', नाहीतर गुण 75 किंवा जास्त असतील तर 'डिस्टिंक्शन', असा क्रम लावून कोड द्या आणि 80 गुणांच्या मुलाला काय मिळेल ते रन न करता विचारा. त्याला नुसतं 'पास' मिळतं, पहिली अट खरी ठरली की पुढच्या अटी पायथन बघतच नाही, आणि यावर वर्गात जी भांडाभांडी होते तिच्यात दोन लेक्चरइतकं शिकून होतं.

मशीन कमी आहेत त्यावर न्यूझीलंडमधला एक उपाय छान आहे. तिथल्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी 2006 मध्ये मांडला. बरोबर चालणारा प्रोग्राम घ्यायचा, त्याच्या ओळी सुट्या करून उलटसुलट करायच्या आणि मुलांना क्रम लावायला सांगायचा. त्यांनी ते कॉम्प्युटरवर केलं, तुम्ही झेरॉक्स काढून कात्रीने पट्ट्या करा. इंडेंटेशनही, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागाही, लावायला सांगा, कुठली पट्टी लूपच्या आत सरकवायची आणि कुठली बाहेर, कारण पायथनमध्ये सगळा अर्थ त्या चार स्पेसमध्ये असतो. प्रिंटची पट्टी आत ठेवली तर काय, बाहेर ठेवली तर काय, हे पट्टी हातात असताना फार लवकर कळतं. 20 जण मशीनवर, 40 जण पट्ट्या आणि टेबलांवर, अर्ध्या तासाने अदलाबदल.

जर्नलचा फॉरमॅट विद्यापीठाचा, तो तुम्हाला बदलता येणार नाही. पण डावीकडचं पान कोरं असतं ना, तिथे प्रत्येक प्रोग्रामचं ड्राय रनचं टेबल हवं, आणि ज्याच्या त्याच्या रोल नंबरचे शेवटचे दोन आकडे इनपुट म्हणून. मग कॉपी करायला काही उरत नाही. सही करताना तुम्हीही तेच पान बघा.

प्रश्न: आमच्याकडची निम्म्याहून जास्त मुलं मराठी माध्यमातून आलेली. एरर आली की लाल अक्षरं बघूनच हात काढून घेतात. मराठीत शिकवलं तर पुढे इंग्रजीत अडतील का? (शिक्षिका, बीड)

नाही अडणार, मराठीतच समजावा. लूप, फंक्शन, लिस्ट हे शब्द तसेच राहतातच, मधलं बोलणं मराठीत.

एररचं भय घालवायला वेगळा वेळ द्या. मुलं वरून वाचायला लागतात आणि पहिल्याच ओळीला दमतात, त्यांना सांगा की सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची, तिथेच एररचं नाव असतं, आणि मग वर जाऊन लाइन नंबर बघायचा. सुरुवातीला नेमएरर, टाइपएरर, सिंटॅक्सएरर, इंडेंटेशनएरर या चार ओळखता आल्या तरी बरंच काम भागतं. या चारही एरर तुम्ही स्वतः मुद्दाम काढून दाखवा. 2021 मध्ये आलेल्या 3.10 व्हर्जनपासून मेसेज बरेच सुधारलेत, कंस बंद करायचा राहिला तर कुठला राहिला ते सांगतो, प्रिंटचं स्पेलिंग चुकलं तर हे म्हणायचंय का असं विचारतो. लॅबमध्ये त्याच्या आधीचं व्हर्जन असेल तर आधी ते बदलून घ्या.

आणि एक गंमत नक्की करून बघा. पायथन 3 मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. एकूण = 0, गुण = 35, एकूण = एकूण + गुण, असं लिहिलं तर प्रोग्राम व्यवस्थित चालतो (फक्त कोडमधले आकडे इंग्रजी कीबोर्डचेच लागतात). इनपुट घेताना मात्र मुलाने देवनागरीत ३५ टाइप केलं तरी इंट फंक्शन त्याचा 35 करून देतं. मग 'पुणे' या शब्दाची लांबी लेन फंक्शनने काढायला सांगा. मुलं 2 म्हणतील, उत्तर येतं 4, कारण प, उकार, ण आणि मात्रा हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. पुढे नोकरीत नावं इंग्रजीतच द्यायची असतात हेही सांगा, पण पहिल्या महिन्यात आपली भाषा त्या स्क्रीनवर चालते हे बघून मुलांचे चेहरे उजळतात आणि मला त्याची किंमत फार वाटते.

प्रश्न: सगळ्या असाइनमेंट चॅटजीपीटीवरून येतात. बंदी घालावी का? (प्राध्यापक, ठाणे)

घरच्या कामावर बंदी पाळली जाणार नाही सर, आणि मुलांवर पोलिसगिरी करण्यात तुमचं सत्र जाईल. असाइनमेंटला मार्क कमी ठेवा आणि ते समोरासमोर दोन मिनिटांत द्या. तुझ्याच कोडमधली ही ओळ काढली तर काय होईल, इनपुटला 0 दिलं तर काय होईल, रिकामी लिस्ट दिली तर सरासरी काढताना काय होईल. तिसऱ्या प्रश्नाला झिरोडिव्हिजनएरर (शून्याने भागल्याची एरर) असं उत्तर कारणासकट आलं तर कोड कुठून का आणलेला असेना, मुलाने तो वाचलाय.

पहिलं अर्धं सत्र वर्गात कागदावरच घ्या असं मी सांगेन. त्यानंतर उलट करा, चॅटजीपीटीने दिलेला प्रोग्राम तुम्हीच वर्गात आणा, त्यात एखादी चूक घालून ठेवा आणि शोधायला द्या. पुढे नोकरीत ही मुलं दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासण्यातच बराच वेळ घालवणार आहेत.

प्रश्न: जुन्या मशीनवर कुठलं सॉफ्टवेअर टाकू? इंटरनेट जातं-येतं. (लॅब असिस्टंट, रत्नागिरी)

थॉनी टाका. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठीच तयार झालेलं आहे, फुकट आहे, पायथन त्याच्यासोबतच येतं, एकदा टाकलं की नेट लागत नाही. डीबग मोडमध्ये एकेक पायरी पुढे जाता येतं आणि बाजूला व्हेरिएबलच्या किमती बदलताना दिसतात, म्हणजे वहीतलं टेबल बरोबर भरलं का ते मुलांना स्वतः तपासता येतं. गूगलचं ब्राउझरमध्ये चालणारं कोलॅब चांगलं आहे पण नेटशिवाय बसून राहावं लागेल. मराठीतून ऐकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे व्हिडिओ मुलांना दाखवा.

प्रश्न: मी बीसीएला आहे. वर्गातल्या काहींना लगेच जमतं, मला दोन महिने झाले तरी जमत नाही. प्रोग्रामिंग काहींच्या डोक्यातच नसतं असं ऐकलंय, खरंय का? विषय सोडू का? (विद्यार्थिनी, जळगाव)

सोडू नकोस. तू ऐकलंयस ते एका गाजलेल्या पेपरातही होतं. 2006 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांनी लिहिलं होतं की कोर्सच्या आधी एक छोटी टेस्ट घेऊन कुणाला प्रोग्रामिंग जमेल आणि कुणाला नाही हे वेगळं काढता येतं. जगभरच्या शिक्षकांनी ते उचलून धरलं. बोर्नाट यांनी 2014 मध्ये तो दावा स्वतः जाहीरपणे मागे घेतला, पण ती समजूत मात्र फिरतच राहिली.

ज्यांना लगेच जमतंय त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी शाळेत किंवा क्लासमध्ये आधी थोडं केलेलं असतं, ते विचारून बघ. आणि आता एक कर. वर नाशिकच्या सरांना सांगितलेला फॅक्टोरियल वहीत घे, एन 4 धर, एफ आणि आय असे दोन कॉलम आख आणि टेबल भर. उत्तर 6 आलं तर तुझं बरोबर आहे. 24 आलं तर रेंज कुठे थांबते ते परत बघ. रोज असा एक छोटा प्रोग्राम, आधी वहीत, मग मशीनवर, आणि दोन्हीची उत्तरं जुळली नाहीत तर ती वही घेऊन सरळ तुझ्या मॅडमकडे जा, नुसतं 'कळत नाही' म्हणण्यापेक्षा कुठल्या ओळीला गाडी अडली ते त्यांना दाखवता येईल.