परवाना तुमचा, विमान ‘एन’ नोंदणीचं

प्रश्न : माझा खासगी वैमानिकाचा परवाना माझ्या देशाने दिलेला आहे. मित्राचं चार आसनी विमान एका ट्रस्टच्या नावे अमेरिकेत नोंदलेलं आहे. गेलं वर्षभर मी ते इथे चालवतोय. आता शेजारच्या देशात जाऊन दोन दिवसांनी परत यायचंय. परवाना आंतरराष्ट्रीय दर्जाचा आहे, मग वेगळं काही लागतं का?

उत्तर : लागतं. आणि वर्षभर काही अडलं नाही, म्हणूनच तुमची गफलत झाली आहे. १९४४ च्या शिकागो करारातील कलम ३२ नुसार वैमानिकाचा परवाना विमानाच्या नोंदणीच्या देशाने दिलेला किंवा ग्राह्य धरलेला असावा लागतो. अमेरिकी नियमांत एक सवलत आहे : ज्या देशात उडता, त्याच देशाचा परवाना असेल तर ‘एन’ विमान, म्हणजे अमेरिकेत नोंदलेलं आणि ‘N’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचं विमान, चालवता येतं. तुमचं इथलं उड्डाण त्यात बसतं. हद्द ओलांडली की सवलत संपली. तिथला अधिकारी कदाचित विचारणारही नाही. अपघात झाला तर विमा कंपनी मात्र पहिला प्रश्न हाच विचारेल.

उपाय सरळ आहे, पण वेळखाऊ. तुमच्या परवान्याच्या आधारे अमेरिकी विमान प्रशासनाकडून खासगी वैमानिकाचं प्रमाणपत्र घ्या. आधी ते तुमच्या देशाकडून परवान्याची खातरजमा करून घेतात. त्यांचं खातरजमेचं पत्र ६ महिनेच चालतं, तेवढ्यात त्यांच्याकडची मुलाखत उरका. नव्या प्रमाणपत्रावर तुमच्या मूळ परवान्याचा क्रमांक छापलेला असतो. नूतनीकरणात तो बदलला, तर प्रमाणपत्र निरुपयोगी होतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून आकडा न् आकडा ताडून पाहा. मूळ परवाना कायम सोबत हवा.

विमानात नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेची प्रमाणपत्रं, जर्नी लॉगबुक (विमानाच्या प्रवासांची नोंदवही), प्रवाशांची यादी ठेवा. विमानाच्या रेडिओचा परवाना आणि तुमचा स्वतःचा रेडिओ परमिट (रेडिओवर बोलण्याची परवानगी), दोन्ही लागतात. देशांतर्गत उड्डाणात कुणी मागत नाही, म्हणून हेच हमखास विसरतात. विमान वापरायच्या परवानगीचं पत्र मित्राच्या सहीचं नको. कागदोपत्री मालक ट्रस्टी आहे, सही त्याचीच घ्या. विमा पॉलिसीत त्या देशाचं नाव आणि वैमानिक म्हणून तुमचं नाव आहे का, हे लेखी विचारा.

जाताना आणि येताना, दोन्ही वेळा कस्टम्सची (सीमाशुल्क तपासणीची) सोय असलेल्या विमानतळावरच उतरा. फ्लाइट प्लॅन (उड्डाणाचा आगाऊ आराखडा) भरला म्हणजे कस्टम्सला कळलं, असं धरू नका. पूर्वसूचनेची मुदत प्रत्येक विमानतळाची निराळी. फोन करून ती विचारा आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या.