वाचकांचे प्रश्न : औजारांवरचे डाग आणि शेवटचं पाणी

प्रश्न : नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून ओटीची (ऑपरेशन थिएटरची) औजारं बोअरच्या पाण्याने धुतो. सॉफ्टनर बसवलाय. तरी ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) निघालेल्या आर्टरी फोर्सेपवर (रक्तवाहिनी पकडायच्या चिमट्यावर) पांढरे ठिपके आणि सांध्यापाशी तपकिरी डाग दिसतात. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या) सॉफ्टनरच्या आधी-नंतर आकडा तोच. सॉफ्टनर बिघडलाय का?
– ओटी इन्चार्ज सिस्टर, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : मीटरवरून ते कळणारच नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. एकूण क्षार जवळपास तेवढेच राहतात. त्यासाठी हार्डनेस किट (पाण्याचा जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम तपासणारं) घ्या. थेंब टाकल्यावर नमुना लालसर झाला तर पाणी जड, निळा झाला तर सॉफ्टनर ठीक. रोज पहिला ट्रे धुण्याआधी बघा.

ठिपक्यांचं मूळ कापसाने शोधता येतं. डीआय (डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेल्या) पाण्याच्या बोळ्याने ठिपका गेला तर तो सोडियमचा क्षार किंवा न निघालेला डिटर्जंट. पाण्याने न जाता पांढऱ्या व्हिनेगरने गेला तर कॅल्शियम, म्हणजे सॉफ्टनर खरंच थकलाय. तपकिरी डाग पेन्सिलच्या खोडरबराने घासा. खाली गुळगुळीत पोलाद दिसलं तर तो नुसता डाग. खड्डा दिसला तर गंज, ते औजार बाजूला काढा.

गंजामागे बहुतेकदा क्लोराइड असतं. मिठाने रिजनरेशन झाल्यावर (सॉफ्टनर मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजा केल्यावर) सॉफ्टनर पुरेसा खंगाळला नाही, तर खारट पाणी थेट औजारांवर येतं. औजारं सलाइनमध्ये किंवा हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) भिजत ठेवण्याची सवयही तितकीच वाईट.

‘पिण्यालायक’ या शिक्क्यावर मात्र विसंबू नका. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकात जडपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर 600. औजारांसाठीच्या अमेरिकी एसटी108 मानकात (2023) साध्या धुण्याच्या पाण्याचा जडपणा 150 पेक्षा कमी हवा, शेवटच्या खंगाळण्याच्या पाण्याचा 1 पेक्षा कमी आणि त्याची विद्युतवाहकता सेंटिमीटरला 10 मायक्रोसिमेन्सच्या आत. टीडीएस मीटरवर हा आकडा साधारण 5 येतो. मीटरचा उपयोग इथे! सॉफ्टनरनंतर आरओ आणि त्यापुढे डीआय असेल तरच एवढं शुद्ध पाणी खात्रीने मिळतं. घरगुती आरओ नको. त्यातल्या अनेकांत चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं.

प्रश्न : ऑटोक्लेव्हची पट्टी (निर्जंतुकीकरण झालं हे रंगाने दाखवणारी) काळी पडते. मग धुणं वेगळं तपासायचं कशाला?
– हॉस्पिटल व्यवस्थापक, जुळे सोलापूर

उत्तर : पट्टी फक्त वाफेचं सांगते. सुकलेल्या रक्ताच्या थराखाली वाफ नीट पोचत नाही, आणि पट्टी तरीही काळी होते.

भिंग आणि चांगला दिवा घेऊन सांधा, रॅचेट (मुठीजवळचा खाचांचा अडकवा) आणि जबड्याचे दाते बघा. डोळ्याला स्वच्छ वाटणाऱ्या काही औजारांवर प्रोटीनचा स्वॅब फिरवा. दर चौरस सेंटिमीटरला 6.4 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त प्रोटीन राहता कामा नये. एटीपी मीटर (औजारावर उरलेले सेंद्रिय अवशेष मोजणारं) असेल तर कंपनीने दिलेलीच मर्यादा धरा. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या मीटरशी जुळवण्यात अर्थ नाही.

स्वॅब नापास होऊ लागले तर आधी पाण्याचं तापमान बघा. 45 अंशांच्या वर रक्तातलं प्रोटीन गोठून चिकटतं, म्हणून सुरुवातीला गरम पाणी नको. मग रॅचेट बंद ठेवून तर धूत नाहीत ना, ट्रे ठासून तर भरत नाहीत ना, हे बघा. अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी औजारं धुणाऱ्या यंत्रात) ताजं पाणी भरल्यावर पाण्यातली हवा निघेपर्यंत यंत्र औजारं न घालताच चालवायचं असतं. घाईत हेच राहून जातं. त्याची ताकद तपासायला ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी उभी धरा. तिच्यावर सगळीकडे सारखे टोचे पडायला हवेत. एखादा भाग कोरा राहिला तर तिथला ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहरी निर्माण करणारा भाग) गेलाय.

प्रश्न : डीआय पाणी कॅनमध्ये भरून आठवडाभर वापरलं तर?
– सीएसएसडी (रुग्णालयाचा निर्जंतुकीकरण विभाग) तंत्रज्ञ, सोलापूर

उत्तर : नको. त्यात क्लोरीन उरलेलं नसतं, त्यामुळे जंतू वाढतात आणि टीडीएस मीटर ते दाखवत नाही. एसटी108 मध्ये शेवटच्या खंगाळण्याच्या पाण्याची मर्यादा मिलिलिटरला 10 जंतुवसाहतींच्या आत आहे. नमुना प्लँटपाशी घेऊ नका, जिथे औजार खंगाळता त्याच नळाचा लॅबला पाठवा.