वाचकांचे प्रश्न : जुन्या लिव्हर रायफलला कोणतं काडतूस?

प्रश्न : आजोबांची विंचेस्टर मॉडेल ९४ कार्बाइन (खालचा दांडा ओढून काडतूस भरायची आखूड लिव्हर रायफल) आता माझ्याकडे आली आहे. बोअर .३०-३०, नळी वीस इंची, नेम धरायच्या साइट उघड्या. तयार काडतुसांचे तीन प्रकार समोर आहेत : रेमिंग्टन कोर-लॉक्ट १५० ग्रेन (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), तेच १७० ग्रेनमध्ये आणि हॉर्नडी लेव्हरेव्होल्यूशन १६० ग्रेन. १५० ग्रेनचा वेग सेकंदाला २३९० फूट, तर १७० चा २२०० दिलेला आहे. म्हणजे १५० सरस समजायचं का? आणि या रायफलीत टोकदार गोळी चालत नाही म्हणतात, मग हॉर्नडीची कशी चालते?

उत्तर : नाही, तेवढ्यावरून १५० सरस ठरत नाही. तो आकडा गोळी नळीतून सुटतानाचा आहे आणि तुमचा निशाण्याचा कागद काही नळीच्या तोंडाशी लावलेला नसतो. कंपनीचा पूर्ण तक्ता काढा आणि नजर उजवीकडे सरकवा. १५० ग्रेनची गोळी २३९० फुटांनी निघते, शंभर यार्डांवर १९७३ वर येते आणि दोनशेवर १६०५ वर. १७० ग्रेनची २२०० ने निघते, शंभरावर १८९५ आणि दोनशेवर १६१९. सुरुवातीला १९० फुटांनी पुढे असलेली हलकी गोळी दोनशे यार्डांपर्यंत चक्क मागे पडली. जोराच्या बाबतीत तर ती शंभरावरच मागे आहे : १२९६ फूट-पाउंड विरुद्ध १३५५. दोनशेवर हेच ८५८ विरुद्ध ९८९ होतं. दोन्ही गोळ्यांचा व्यास तोच, नाकही तसंच बोथट. हवा दोघींना सारखीच अडवते, पण जड गोळी त्या अडवणुकीला कमी दाद देते.

आणखी एक गोष्ट. हे वेग २४ इंची चाचणी-नळीवर मोजलेले असतात. तुमची नळी चार इंच आखूड आहे. इंचामागे वीसेक फूट गेले असं धरलं, तरी २३९० चा आकडा तुमच्या हातात २३०० च्या आसपासच राहील. ही घट तिन्ही काडतुसांना कमीअधिक सारखीच बसते, त्यामुळे तुलना बिघडत नाही. फक्त डब्यावरचा आकडा आपल्या रायफलीचा म्हणून सांगू नये.

आता टोकदार गोळीबद्दल. तुमच्या रायफलीचं मॅगझिन म्हणजे नळीखालची दुसरी बारीक नळी. तिच्यात काडतुसं एकामागे एक बसतात, म्हणजे प्रत्येक गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं असतं आणि त्या बुडाच्या मधोमध प्राइमर, म्हणजे ठोसा बसताच पेटणारी टिकली, असतो. दोन काडतुसं टेबलावर या क्रमाने आडवी ठेवून पाहा, लगेच लक्षात येईल. तिथे कडक, अणकुचीदार नाक असेल तर धक्क्याच्या वेळी ते स्प्रिंगच्या दाबासकट प्राइमरवर आदळतं आणि मॅगझिनमध्येच काडतूस फुटू शकतं. म्हणून .३०-३० च्या गोळ्या पिढ्यान्‌पिढ्या चपट्या किंवा गोल नाकाच्या राहिल्या. ज्यांना टोकदार गोळी हवी होती त्यांनी मॅगझिनच बदललं : विंचेस्टर मॉडेल १८९५ मध्ये काडतुसं पेटीत एकावर एक बसतात, सॅव्हेज १८९९ मध्ये फिरत्या चक्रात.

हॉर्नडीने हा पेच गोळीच्या बाजूने सोडवला. लेव्हरेव्होल्यूशनचं लाल टोक लवचिक पॉलिमरचं आहे. नखाने दाबा, दबतं आणि सोडलं की पुन्हा उभं राहतं. प्राइमरवर टेकलं तरी ते ठोसा देत नाही, स्वतःच चेपतं. ही सोय फक्त त्या मऊ टोकाची आहे. बोल्ट-अॅक्शन रायफलीसाठीची कडक प्लॅस्टिकच्या टोकाची किंवा साधी टोकदार .३० बोअरची गोळी कोणी .३०-३० मध्ये भरून दिली, तर ती ट्यूब मॅगझिनमध्ये अजिबात घालू नका.

टोकदार आकाराचा फायदा मात्र खरा आहे. १६० ग्रेनची ही गोळी २४०० फुटांनी निघते आणि तीनशे यार्डांवरही तिच्यात १०२५ फूट-पाउंड उरतात. १७० ग्रेनच्या बोथट गोळीत दोनशेवर जेवढं उरतं, जवळपास तेवढंच. म्हणजे शंभर यार्डांची भर पडली. पण ती भर तुम्हाला वापरता येईल का? तुमच्या साइट उघड्या आहेत. जुनी ९४ रिकामी केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) थेट वर फेकते, त्यामुळे दुर्बीण नळीच्या बरोबर वर बसवता येत नाही. तीनशे यार्डांवर पुढच्या साइटचा मणी अख्खं लक्ष्य झाकून टाकतो आणि गोळी शंभर यार्डांवर तीन इंच वर लागेल अशी साइट लावली, तरी तिथे ती फूटभर खाली येते. म्हणून तुमच्या रायफलीला माझं मत १७० ग्रेनला आहे. दीडशे यार्डांच्या आत ती जे करते त्यात मला काही उणं दिसत नाही. तुमच्याकडे बाजूला केस फेकणारी मार्लिन ३३६ असती आणि तिच्यावर दुर्बीण असती, तर मी हॉर्नडीचं नाव आधी घेतलं असतं.

हे झालं कागदावरचं. शेवटचा शब्द तुमच्या नळीचा. तिन्ही प्रकारांचा एकेक डबा घ्या, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवा आणि शंभर यार्डांवर प्रत्येकाचे तीन-तीन गोळ्यांचे गट पाडा. दोन गटांमध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. ही घाई बहुतेक जण करतात आणि दोष काडतुसाला देतात. या कार्बाइनची नळी बारीक असते आणि मॅगझिन व पुढचं लाकूड पट्ट्यांनी तिलाच जखडलेलं असतं. नळी तापली की ताण बदलतो आणि मार वर किंवा बाजूला सरकू लागतो. म्हणून थंड नळीतून गेलेली पहिली गोळी कुठे बसते ते वेगळ्या रंगाने नोंदवा. वजन बदललं की माराची जागाही बदलते, तेव्हा एक प्रकार ठरला की साइट त्याच्यावर पक्की करा आणि डबे मिसळू नका.

पण पहिला बार काढण्याआधी रायफल जाणकार कारागिराकडून तपासून घ्या : नळीचा आतला भाग, नळी मागून बंद करणारा बोल्ट लावल्यावर मागे राहणारी फट, प्राइमरवर आदळणारी फायरिंग पिन. नंतर स्वतः रिकाम्या केसेस जमवा आणि उजेडात फिरवून पाहा. बुडापासून थोडं वर चकचकीत वळं किंवा बारीक भेग दिसली, किंवा प्राइमर बुडाच्या बाहेर डोकावताना दिसला, तर तिथेच थांबा. काडतूस बदलून हा दोष जात नाही.

मॅगझिनमध्ये तीच काडतुसं पुन्हा पुन्हा भरू-काढू नका. स्प्रिंगचा दाब आणि धक्का यांनी गोळी हळूहळू केसमध्ये आत सरकते. केसचं तोंड गोळीवरच्या खाचेत आवळलेलं असतं. ती खाच दिसेनाशी झाली असेल, तर ते काडतूस बाजूला काढा. आत गेलेली गोळी दाब वाढवते.

प्रश्न : माझ्याकडे .४५-७० ची मार्लिन १८९५ आहे. मित्राकडे त्याच बोअरची जुनी स्प्रिंगफील्ड ट्रॅपडोअर (झाकण उघडून एकेक काडतूस भरायची रायफल) आहे. एकच डबा दोघांना चालेल का?

उत्तर : सौम्य डबा चालेल, जोरदार डबा कधीच नाही. .४५-७० चं काडतूस १८७३ चं, बंदुकीच्या काळ्या दारूच्या जमान्यातलं. रेमिंग्टनची ४०५ ग्रेनची गोळी १३३० फुटांनी निघते, ती त्याच जुन्या मापात ठेवलेली आहे. ट्रॅपडोअर सुस्थितीत असेल तर ती दोघांना चालते. पण १९७२ पासून निघालेल्या नव्या मार्लिन १८९५ चं पोलाद कितीतरी भक्कम आहे, म्हणून काही कंपन्या तिच्यासाठी फार जास्त दाबाची काडतुसं भरतात. ती ट्रॅपडोअरच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या खोबणीत, अगदी सहज बसतात, आणि धोका तिथेच आहे. डब्यावरचा इशारा बारीक अक्षरात असला तरी पूर्ण वाचा आणि तुमचे डबे मित्राच्या डब्यांपासून वेगळ्या कपाटात ठेवा.

.४४-४० मध्येही हाच प्रकार झालेला आहे. एकेकाळी विंचेस्टर मॉडेल १८९२ साठी जास्त वेगाची काडतुसं निघत आणि ती मॉडेल १८७३ मध्ये वापरू नयेत असं डब्यावर छापलेलं असे. १८७३ चा बोल्ट बंद धरणारा सांधा मुळात नाजूक आहे. जुन्या संग्रहातला असा डबा हाती आला तर तो झाडू नका, जपून ठेवा.

प्रश्न : .३५७ मॅग्नमच्या लिव्हर रायफलीत .३८ स्पेशल वापरलं तर बिघडतं का?

उत्तर : बिघडत नाही. सरावाला उत्तम, धक्का जवळजवळ नाहीच. पण .३८ आखूड असल्याने काही रायफली ते नीट वर उचलत नाहीत, आणि सपाट तोंडाची वॉडकटर गोळी तर बऱ्याचदा अडकते. लांब, गोल नाकाची घ्या. खूप .३८ झाडल्यावर चेंबरमध्ये काजळीचं कडं धरतं. ते ब्रशने काढल्याशिवाय .३५७ घालू नका, नाहीतर केस अडकून बसेल.