उसातला बिबट्या थर्मल ड्रोनला दिसतो का? गावाने वर्गणी काढून घ्यावा का, आणि कोणता?

तुम्ही जुन्नर तालुक्यातले, ऊसतोड तोंडावर आलेली, आणि तोडणीच्या टोळ्या फडात शिरायला घाबरतायत म्हणून हा विचार, असं प्रश्नावरून कळलं. मी सर्व्हेचे ड्रोन उडवतो, थर्मल कॅमेराही बराच हाताळलाय. नकोशी गोष्ट आधीच सांगून टाकतो: उभ्या, दाट उसात बसलेला बिबट्या बहुतेक वेळा दिसत नाही.

थर्मल म्हणजे एक्स-रे नव्हे. वस्तूच्या वरच्या थरातून निघणारी ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीची उष्णता तो टिपतो. मध्ये पाला आला की त्याला पालाच दिसतो. ड्रोन अगदी डोक्यावर असला तर सरीच्या फटीतून एखादा पांढरा ठिपका लुकलुकतो, तेवढंच. पण बांधावर, ओढ्याच्या काठाला, तोडलेल्या फडात, कांद्याच्या वावरात जनावर लख्ख दिसतं. म्हणून "ड्रोन फिरवला, काही नाही, शिरा आत" असं टोळीला कधीच सांगू नका.

आता कॅमेरा. विकणारा "१६ पट झूम" म्हणेल. थर्मलमधला तो झूम बहुतेक वेळा नुसतं चित्र ताणतो. तुम्ही सेन्सरचे पिक्सेल विचारा. ६४० बाय ५१२ चा सेन्सर, १२ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ९ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स असेल, तर ६० मीटरवरून जमिनीवरचा एक पिक्सेल साधारण ८ सेंटिमीटरचा पडतो आणि ५० मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत येतो. सव्वा मीटर लांबीचं धड म्हणजे पंधराएक पिक्सेल. शेपूट, चाल, वळण ओळखू येतं. तोच पट्टा २५६ पिक्सेलच्या स्वस्त कॅमेऱ्यात घेतला तर धडाला सहा पिक्सेल मिळतात. मग कुत्रं काय नि बिबट्या काय, सगळे तांदळाचे दाणे. माझं मत विचाराल तर ६४० च्या खाली वर्गणीचे पैसे घालू नका.

गिंबलवर, म्हणजे ड्रोन हलला तरी कॅमेरा स्थिर धरणाऱ्या आधारावर, लोक कंजुषी करतात, तिथेच फसतात. साध्या कॅमेऱ्यात शटर वेगवान करून हलणं लपवता येतं. थर्मलचा सेन्सर मुळात सुस्त. त्यातला प्रत्येक पिक्सेल तापून-निवून बदल दाखवायला दहाएक मिलिसेकंद घेतो. ड्रोन सेकंदाला ३० अंशांनी वळवलात तर तेवढ्या वेळात चित्र चार पिक्सेल सरकतं आणि जनावराचा नुसता फराटा उरतो. म्हणून तीन अक्षांचं, मोटरवर चालणारं गिंबल हवंच. नुसतं सॉफ्टवेअरचं स्थिरीकरण इथे कामाचं नाही, कारण फिसकटलेला पिक्सेल ते परत आणू शकत नाही. आणि गिंबल चांगलं असलं तरी सावकाश वळा. उडवण्याआधी त्याचं प्लास्टिकचं कुलूप काढायला विसरू नका. मी एकदा विसरलो, मोटर कण्हत राहिली आणि स्क्रीनवर लाल सूचना.

चित्र मध्येच अर्धा सेकंद गोठलं आणि कॅमेऱ्यातून 'टक्' आवाज आला तर घाबरू नका. आतली झडप पडून सेन्सर स्वतःला जुळवून घेतो.

वेळ मात्र सांभाळा. संध्याकाळी दगड, डीपी, विहिरीवरची मोटर, सगळंच तापलेलं असतं. सुरुवातीच्या दिवसांत मी बांधावरच्या एका दगडावर वीस मिनिटं नजर ठेवून होतो, बॅटरी अर्धी संपली. पहाटे, सूर्य उगवायच्या आधी जमीन गार पडलेली असते, तेव्हा अंगाची ऊब उठून दिसते. धुकं असेल तर घरीच थांबा. पाण्याचे थेंब ही उष्णता अडवतात.

कायद्याचं थोडक्यात: फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, तेव्हा "दुबईहून आणून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नोंदणी करून यूआयएन, म्हणजे ड्रोनचा ओळख नंबर घ्या, आणि ग्रीन झोनमध्येसुद्धा, म्हणजे उड्डाणाची वेगळी परवानगी लागत नाही त्या भागातही, १२० मीटरच्या वर जाऊ नका. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. दिसला तर ठिकाण वनखात्याला कळवा, ड्रोन त्याच्यावर खाली आणू नका. पंख्यांच्या आवाजाने तो बुजतो, आणि उसातून कुठल्या बाजूला बाहेर पडेल ते तुमच्या हातात नसतं. त्या बाजूला टोळीची पोरं बसलेली असू शकतात.

विकत घेण्याआधी डेमो दुकानात पाहू नका. विकणाऱ्याला पहाटे पाचला तुमच्या बांधावर बोलवा. एका टोकाला कुत्रं बांधा, दुसऱ्या टोकाला वासरू, आणि त्याला न सांगता ६० मीटरवरून ओळखायला लावा.