पाठ होतं, पण ध्यानात राहत नाही

बारावी आटोपली की सीईटीची तयारी करणारी मुलं माझ्याकडे एकच गाऱ्हाणं घेऊन येतात: इंग्रजीची क्रियापदं रात्री पाठ होतात, सकाळी पाटी कोरी. आईवडिलांना वाटतं, याचं लक्ष नाही. मुलाला वाटतं, मराठी मीडियमवाल्याला हे जमायचंच नाही. हा दुसरा समज जास्त घातक.

अमळनेर तालुक्यातला एक मुलगा पाच वर्षांच्या लॉ सीईटीला बसणार होता. घरी कपाशी. वहीत तीन रकाने, एबीसीडीच्या क्रमाने. 'अराइज', 'अवेक'ची पानं हाताळून मऊ पडलेली, 'राइट'चं पान करकरीत. "सर, पाठ करस, पण ध्यानमा ऱ्हास नही," म्हणाला. मान खालीच.

वही मिटायला लावली. विचारलं, "पाहुणा रोज येतो, अहिराणीत सांग."

"पाव्हना येस."

"आणि काल आला तर?"

"काल उना."

"'येस'चं 'उना' कुठे पाठ केलंस?"

तो थांबला, मग पहिल्यांदा हसला. "मग 'गो'चं 'वेन्ट' म्हणजे तसंच!"

तसंच. मराठीत आपण 'जा'चं 'गेला' करतोच ना? रोज तोंडात असणारी जुनी क्रियापदं आपली वाकडी रूपं टिकवून ठेवतात, कारण प्रत्येक पिढी ती लहानपणापासून ऐकते. 'वेन्ट' तर मुळात 'वेन्ड' या वेगळ्याच क्रियापदाचं रूप. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, दरबार-कचेरीत फ्रेंच आली. तिच्यातून आलेली बहुतेक क्रियापदं 'ईडी' लावली की झाली.

मग त्यानेच वही नव्याने मांडली. अक्यूज, अरेस्ट, पनिश, अपील ही कोर्टाची मंडळी फ्रेंचमधली, सगळी सरळ. स्टील-स्टोल-स्टोलन, स्वेअर-स्वोर-स्वोर्न ही इंग्रजीच्या घरची, जुनी. ज्या कायद्याच्या शब्दांना तो घाबरत होता, तेच सोपे निघाले. पुढच्या खेपेला आला तो भांडायलाच: "सर, 'कॅच' फ्रेंचमधून आलं, तरी 'कॉट' कसं?" अपवाद शोधून आणणाऱ्या मुलाला नियम कळलेला असतो. त्या दिवशी मला फार समाधान वाटलं.

माझं ठाम मत आहे की स्मरणशक्ती कमी नसते, आठवणीला नातं मिळालेलं नसतं. शिवाय जो न्यूनगंड घेऊन अभ्यासाला बसतो, त्याचं निम्मं डोकं लाज लपवण्यातच गुंतलेलं असतं. म्हणून आधी एबीसीडीचा क्रम सोडा. सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक अशी एका चालीची एकत्र घ्या. प्रत्येकाचं आपल्या घरातलं, शेतातलं वाक्य करा आणि मोठ्याने म्हणा. उच्चार चुकला तरी चालेल. आणि पालकांनो, पाहुण्यांसमोर "बोलून दाखव रे इंग्रजी" एवढं मात्र म्हणू नका.