आठवणीला हात लावण्याआधी काय करून घेतात, ते बघा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर मोटारसायकल तुम्ही चालवत होतात आणि मागे बसलेला चुलतभाऊ अपघातात गेला. आता केळीच्या ट्रकने जोरात ब्रेक मारला की तुमचे हात गार पडतात, छाती दडपते. जळगावला ईसीजी, टू-डी इको काढलं, सगळं नॉर्मल. पुण्याच्या मेहुणीने ‘ब्रेन-बॉडी थेरपी’ची जाहिरात पाठवली. हे खरं असतं का आणि नऊ माणसांच्या घरात मोबाइलवर जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

जमतं. धाकटा भाऊ गेल्यानंतर मी स्वतः ईएमडीआर थेरपी (त्रासदायक आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे हलवायचे किंवा थोपटायचं, असा मानसोपचार) भुसावळला घरी बसून ऑनलाइनच घेतली, आणि पुढे ओळखीच्या काही जणांना त्यात सोबतही केली. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. थेरपिस्ट आठवणीला हात लावण्याआधी तुमची किती तयारी करून घेतो, तेवढं बघा. बाकीचं त्यानंतर.

आधी तुमच्या हातांबद्दल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरात लोक म्हणतात, ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत.’ पण हात खरोखर गार पडतात आणि धडधडही खरी असते. जिवावरचं काही घडतं तेव्हा मेंदूतला धोक्याची सूचना देणारा भाग शरीराला पळायला किंवा लढायला तयार करतो. ॲड्रेनलिन वाढतं, रक्त हातापायांच्या त्वचेकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं. साधारण आठवण हळूहळू ‘झालं गेलं’ या खात्यात जाते, ही जात नाही. म्हणून ब्रेकचा आवाज आला की शरीर तो अपघात आत्ताच होतोय असं धरून वागतं. तुम्ही कमकुवत आहात म्हणून हे होत नाही.

‘ब्रेन-बॉडी’ ही कुठली पदवी नाही की एकच ठरावीक पद्धत नाही. त्या नावाखाली वेगवेगळं विकलं जातं. त्यातली सर्वांत जास्त अभ्यासलेली पद्धत ईएमडीआर. अमेरिकेच्या फ्रान्सिन शापिरो यांनी 1987 मध्ये ती मांडायला सुरुवात केली, आणि 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातानंतरच्या त्रासासाठी ट्रॉमावर केंद्रित सीबीटीबरोबर (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी, बोलण्यातून चालणारी थेरपी) तिची शिफारस केली. डोळे हलवण्याचा नेमका वाटा किती, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे, पण एकूण उपचाराचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे. पीटर लेव्हिन यांची सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग (शरीरातल्या जाणिवांवर लक्ष देणारी) आणि डेव्हिड ग्रँड यांची ब्रेनस्पॉटिंग (नजर एका जागी स्थिर ठेवून केली जाणारी) यांनीही लोकांना बरं वाटलेलं मी पाहिलंय, पण त्यांच्यामागचं संशोधन बरंच कमी आहे. तुमच्या जागी मी असते तर सुरुवात ईएमडीआर किंवा सीबीटीनेच केली असती.

ईएमडीआरचे आठ टप्पे असतात. आठवणीवरचं काम तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होतं. पहिल्या दोन टप्प्यांत तुमचा इतिहास विचारतात आणि घाबरल्यावर स्वतःला जाग्यावर कसं आणायचं ते शिकवतात. मला शिकवलेलं सांगते: दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे, अंगठे एकमेकांत अडकवायचे आणि बोटांनी खांद्याखाली हळूहळू थोपटायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. याला बटरफ्लाय हग म्हणतात. मेक्सिकोत चक्रीवादळातून वाचलेल्या मुलांबरोबर काम करताना ही पद्धत निघाली. सुरुवातीला मला ते पोरखेळ वाटलं. पण थोपटता थोपटता डावा खांदा कानाजवळून खाली उतरला, तेव्हा कळलं की तो इतके दिवस वर ओढलेलाच होता.

पहिल्याच सेशनला कोणी ‘डोळे मिटा, अपघात आठवा’ म्हणालं, तर कॉल बंद करा. समोर बसलेल्या माणसाला थेरपिस्ट सावरू शकतो, पाणी देऊ शकतो. स्क्रीनवर फक्त आवाज असतो, आणि तोही रेंज गेली की जातो. म्हणून चांगला थेरपिस्ट आधी तुमचा पत्ता आणि घरातल्या एका माणसाचा नंबर मागतो, आणि कॉल तुटला तर काय करायचं ते ठरवून घेतो. हे विचारलंच नाही, तर तो ऑनलाइन कामाला तयार नाही असं समजा.

आता नऊ माणसांचं घर. तुमच्या उपयोगाची गोष्ट ही की ईएमडीआरमध्ये प्रसंग तपशिलाने मोठ्याने सांगावा लागत नाही. चित्र मनात धरायचं, त्रास शून्य ते दहामध्ये किती ते सांगायचं आणि शरीरात कुठे काय जाणवतं ते बोलायचं. भिंतीपलीकडच्या माणसाला फक्त ‘सात’, ‘आता पाच’, ‘गळ्याशी’ एवढंच ऐकू येतं. तरी दाराबाहेर कूलर लावून ठेवा, उन्हाळ्यात कोणाला वेगळं वाटणारही नाही. इअरफोन हवाच. लॅपटॉप मिळाला तर बरं, कारण डोळ्यांनी ज्याचा माग घ्यायचा तो स्क्रीनवर इकडून तिकडे सरकणारा ठिपका मोबाइलवर फार लहान दिसतो. नाहीच मिळाला तर थोपटण्यावरही काम होतं. वेळ साठ ते नव्वद मिनिटांचा मोकळा ठेवा. त्या दिवशी नंतर गाडी चालवू नका, आणि रात्री मोटर चालू करायला शेतात एकटे जाऊ नका. झोप उडते, स्वप्नं पडतात, एक-दोन दिवस हळवं वाटतं.

बोली तुमचीच ठेवा. तावडी असो, अहिराणी असो, थेरपिस्टला जेमतेम कळली तरी चालेल. त्या क्षणी तुमच्या तोंडून जे निघालं होतं ते प्रमाण मराठीत निघालं नव्हतं.

माणूस निवडताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक मागा. डॉक्टर असेल तर मेडिकल कौन्सिलची नोंदणी विचारा. ईएमडीआरचं प्रशिक्षण कुठे घेतलं तेही विचारा, खरा माणूस रागावत नाही. ‘कोच’, ‘हीलर’ अशी पाटी कोणीही लावू शकतो. ‘तीन सेशनमध्ये हमखास बरे’ किंवा पूर्ण पॅकेजचे पैसे आधी मागणारी जाहिरात सोडून द्या. फिट येत असेल, दारू वाढली असेल, मधेमधे आपण कुठे आहोत याचं भान सुटत असेल किंवा जीव द्यावा असं मनात येत असेल, तर हे आधी सांगा. अशा वेळी आधी प्रत्यक्ष मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत दाखवता येतं. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फोनमध्ये आजच सेव्ह करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

आई दृष्ट काढते म्हणालात. काढू द्या. तिलाही काहीतरी करायचंय. फक्त त्यासाठी उपचार थांबवू नका.

शेवटी तुम्ही विचारलंय की ‘माझ्यामुळेच गेला’ हे काकूंना एकदा बोलून टाकू का. आत्ता नको. हेच वाक्य थेरपिस्टला पहिल्या भेटीत सांगा. ईएमडीआरमध्ये त्या चित्राला चिकटलेलं असं वाक्य शोधून त्यावरच काम करतात. त्यानंतरही काकूंशी बोलावंसं वाटलं तर जरूर बोला. तेव्हा तुमच्या तोंडी कदाचित वेगळं वाक्य असेल.